मापाने बांधलेली सायकल : आराखड्यावर होकार देण्यापूर्वी सल्ला हवा आहे

गोदाकाठ, परभणी

नमस्कार. मी परभणीत राहते आणि येथून 14 किलोमीटरवरच्या एका गावातील शाळेत शिकवते. गेली तीन वर्षे, पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर, शाळेत जाणे-येणे सायकलवरच होते. सुटीच्या दिवशी गंगाखेडला गोदावरीपर्यंत जाऊन परत येण्याचीही आता सवय झाली आहे. पुढच्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण सायकलीच्या मापाची आहे. माझी उंची 152 सेंटिमीटर, पायाची आतली लांबी 69 सेंटिमीटर आणि वजन 48 किलो आहे. सध्याची सायकल घेताना दुकानदाराने 'सीट खाली केली की बसेल' असे सांगितले आणि मी ते मान्य केले. सीट खाली झाली, पण हँडल होते तेथेच राहिले. तासाभराने तळहाताला मुंग्या येतात आणि मान आखडते. त्याहून वाईट म्हणजे अरुंद गल्लीत वळताना माझा चवडा पुढच्या चाकाला लागतो. मागच्या श्रावणात असाच चवडा अडकून मी शाळेच्या फाटकासमोर पडले. मनगटाला सूज आली, आणि त्यानंतर प्रत्येक वळणावर मी पायांकडे पाहू लागले. रस्त्याकडे पाहायचे सोडून पायांकडे पाहणे किती धोक्याचे आहे, ते मी येथे सांगायला नको.

भिशीचे पैसे आले तेव्हा मापाची पोलादी सायकल बांधून घ्यायचे ठरवले. पुण्यातील एका फ्रेम बांधणाऱ्यांनी माझी मापे घेऊन आराखडा पाठवला आहे. त्यात 700 ची चाके, 35 मिलिमीटरचे टायर, हेडचा, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरते तिचा, कोन 72 अंश, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा पुढचा बाक 45 मिलिमीटर, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, 165 मिलिमीटर, पुढे 50 आणि 34 दात व मागे 11 ते 28 दात असे आहे. चवडा लागण्याविषयी विचारले तेव्हा 'लहान मापाच्या सायकलीत ते असतेच, अंगवळणी पडते' असे उत्तर मिळाले. मापानेच सायकल बांधून घ्यायची असेल, तर हा दोष मी का स्वीकारावा, हा माझा पहिला प्रश्न आहे. चाके लहान घ्यावीत काय, हा दुसरा. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी या आराखड्यात आणखी काही बदलायला हवे काय, हेही जाणकारांनी सांगावे.

बालाघाट, अंबाजोगाई

ताई, नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : हा दोष स्वीकारू नये. वेगात असताना आपण सायकल कलवून वळतो आणि हँडल फारसे फिरत नाही, म्हणून तेथे चवडा लागत नाही. ज्यांची सगळी धाव मोकळ्या डांबरी रस्त्यावर असते, त्यांना ते खरोखरच जाणवत नसेल. पण गल्लीत, फाटकात, किंवा चढावर दमून नागमोडी चालवताना हँडल पुरते वळते, आणि नेमक्या त्याच वेळी वेग कमी असल्यामुळे तोल सावरत नाही. आपण रोज शाळेत जाता, तेव्हा असे प्रसंग आपल्याला रोज येणार.

आता हिशोब पाहू. 700 च्या रिमचा व्यास 622 मिलिमीटर असतो. त्यावर 35 चा टायर चढवला की चाकाची त्रिज्या 346 मिलिमीटर होते. 650बी चाकाची रिम 584 मिलिमीटरची असते, आणि तिच्यावर 42 चा जाड टायर घेतला तरी त्रिज्या 334 भरते. म्हणजे टायर रुंद करूनही 12 मिलिमीटर वाचले. क्रँक 165 ऐवजी 160 घेतला की आणखी 5 वाचले. हेडचा कोन 72 ऐवजी 71 अंश ठेवला आणि चिमट्याचा बाक 45 ऐवजी 52 केला, तर पुढचे चाक साधारण दीड सेंटिमीटर पुढे सरकते. सगळे मिळून तीन सेंटिमीटरच्या आसपास जागा होते, आणि आपल्या मापात तीन सेंटिमीटर पुष्कळ झाले. मडगार्ड लावणार असाल, तर त्यातला सेंटिमीटरभर तेथे जाईल, तोही आताच धरून ठेवावा.

हे बदल सुटेसुटे करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. नुसता हेडचा कोन कमी केला, तर पुढचे चाक आपल्या पकडीमागे जास्त ओढल्यासारखे वागते आणि हळू चालवताना हँडल एका बाजूला पडू पाहते. बांधणारे ज्याला ट्रेल म्हणतात, ते हेडच्या रेषेचे जमिनीवरचे टोक आणि टायर जमिनीला टेकतो ती जागा यांच्यातले अंतर असते. आपल्याला पाठवलेल्या आराखड्यात ते 65 मिलिमीटर येते. मी सुचवलेल्या मापांनी ते 60 येते, आणि बाक न वाढवता नुसता कोन कमी केला तर 67 च्या पुढे जाते. बांधणाऱ्यांना हे आकडे दाखवा. जाणकार माणूस असेल तर त्यांना वाईट वाटणार नाही.

लहान चाकाचा दुसरा लाभ हँडलच्या उंचीत आहे. पायाच्या आतल्या लांबीला 0.883 ने गुणण्याची जी जुनी रीत आहे, तिने आपल्या सीटची उंची पायडलच्या मुख्य एक्सलपासून 61 सेंटिमीटर येते. इतक्या खाली सीट असताना पुढे 700 चे चाक, त्यावर चिमटा, त्यावर हेडची नळी अशी चळत रचली, की हँडल सीटपेक्षा वरच राहते, आणि ते खाली आणायला काही वाव उरत नाही. पुढे कधी वाकून चालवावेसे वाटले, तर ती मोकळीक लहान चाकातच मिळेल.

आपली सध्याची सायकल 'सर्वांत लहान माप' म्हणून विकली गेली असणार. तिच्या सीटच्या नळीचा कोन जरा पाहा. पुष्कळ कारखान्यांत लहान माप करताना वरची दांडी आखूड दिसावी म्हणून सीटची नळी 75 अंशांपर्यंत उभी करतात. कागदावर लांबी कमी दिसते. पण मांडी नीट बसावी म्हणून आपण सीट मागे सरकवतो, आणि वाचलेली लांबी परत येते. 61 सेंटिमीटर उंचीवर एका अंशाने साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून दांडीची लांबी विचारू नये, रीच विचारावा, म्हणजे मुख्य एक्सलच्या उभ्या रेषेपासून हेडच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर. ते माप सीट कोठेही असली तरी बदलत नाही.

जुना छर्रा, हिंगोली

ताईंना नमस्कार. आमच्या घरी दोन पिढ्या सायकलीचे दुकान आहे, म्हणून थोडे वेगळे सांगतो. बालाघाट सरांचे आकडे बरोबर आहेत, परंतु नवी फ्रेम बांधायला देण्याआधी महिनाभर जुन्याच सायकलीवर माप शोधावे. कोन बदलता येणारा आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलीला जोडणारा तुकडा, कमी पैशांत मिळतो. तो लावून हँडल जवळ घ्या, वर घ्या, आठवडाभर शाळेत जाऊन या, मग पुन्हा थोडे बदला. ज्या दिवशी हाताला मुंग्या येणे थांबेल, त्या दिवशी सायकल भिंतीला सरळ टेकवून सीटच्या टोकापासून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि तो मुख्य एक्सलच्या किती मागे पडतो ते मोजा. नंतर सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. ही दोन मापे आणि सीटची उंची बांधणाऱ्याला द्या. उभे करून घेतलेल्या शरीराच्या मापांपेक्षा चालवून सापडलेली मापे अधिक खरी असतात. दुकानात उंच माणसाला लांब सायकल आणि ठेंगण्याला आखूड सायकल देऊन चालत नाही, कारण कोणाची कंबर लवचीक असते तर कोणाची ताठ, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आणि महिनाभराने त्रास गेलाच, तर नव्या फ्रेमची गरज आहे काय, याचाही विचार करावा.

गोदाकाठ, परभणी

दोघांचेही मनापासून आभार. जुना छर्रा दादा, स्टेम आजच मागवला. मात्र चवडा लागण्याचा प्रश्न स्टेमने सुटणार नाही, कारण चाक आणि पायडल तेथेच राहतात, आणि माझ्या मनातली भीतीही तेथेच राहते. म्हणून फ्रेम बांधून घ्यायचीच आहे. मापे मात्र आपण सांगितल्याप्रमाणे महिनाभराने पाठवीन.

सीटच्या नळीचा कोन कंपनीच्या तक्त्यात शोधला. तो 75.5 अंश आहे.

650बी चे टायर आपल्याकडे मिळतील काय, ही एक शंका आहे. शिवाय धातूविषयी मला काहीच कळत नाही. बांधणाऱ्यांनी 'क्रोमोली' असे लिहिले आहे. जालना येथून जवळ, तेथे इतके पोलाद तयार होते, मग नळ्या बाहेरून का आणाव्या लागतात, असे वडील विचारत होते.

सळई, जालना

वडिलांचा प्रश्न रास्त आहे, आणि जालन्याचा असल्यामुळे त्याचे उत्तर देणे मला आवडेल. आमच्याकडच्या गिरण्यांत मुख्यतः बांधकामाची सळई निघते. काँक्रीटमध्ये ओझे पेलणे आणि भूकंपात न तुटता वाकणे हे तिचे काम, आणि ते ती उत्तम करते. सायकलीला मात्र पातळ भिंतीची, जोड नसलेली नळी लागते. क्रोमोली, म्हणजे 4130 जातीचे पोलाद, त्यात सुमारे 1 टक्का क्रोमियम, 0.2 टक्के मॉलिब्डेनम आणि 0.3 टक्के कार्बन असतो. त्याची नळी टोकांना 0.8 मिलिमीटर आणि मध्ये 0.5 मिलिमीटर जाडीची ओढता येते. टोकांना वेल्डिंगचा ताव सोसावा लागतो म्हणून तेथे जाडी, मध्ये ताण कमी म्हणून तेथे पातळ. यालाच बटेड नळी म्हणतात. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स या मूळच्या खिळे बनवणाऱ्या कारखान्याने तिचे पेटंट 1897 मध्ये घेतले आणि त्यांची प्रसिद्ध 531 नळी 1935 मध्ये आली. सव्वाशे वर्षे झाली तरी कल्पना तीच आहे.

आपल्यासाठी खरा मुद्दा नळीच्या व्यासाचा आहे. पोलाद साधे असो वा भारी, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. भारी पोलाद अधिक ताकदीचे असते, म्हणून ते पातळ करता येते, एवढेच. फ्रेम किती ताठ होईल हे व्यास आणि भिंतीची जाडी ठरवतात. आजकाल बहुतेक बांधणारे सवयीने खालच्या दांडीला 31.8 आणि वरच्या दांडीला 28.6 मिलिमीटरची नळी घेतात. 80 किलोच्या माणसाला ते योग्य आहे. 48 किलोच्या व्यक्तीला, तेही इतक्या आखूड फ्रेममध्ये, तीच नळी दिली तर सायकल अंगावर दणके देते आणि पोलादाचा जो मऊपणा आपण पैसे देऊन घेतला तो हाती लागत नाही. जुनी मापे मागा : खाली 28.6 आणि वर 25.4. मागे कॅरिअरवर जड पिशव्या नेणार असाल तरच वरची दांडी मोठी ठेवा. माझ्या पत्नीची सायकल याच मापांत बांधली आहे. डांबराच्या ठिगळांवरून ती जशी सरकते, तशी माझी स्वतःची जाड नळ्यांची सायकल सरकत नाही.

मुख्य एक्सलची जागा आट्यांची, बीएसए पद्धतीची, 68 मिलिमीटर रुंदीची ठेवा. दाबून बसवायच्या प्रकारात धूळ शिरली की कुरकुर सुरू होते आणि ती काढायची हत्यारे जिल्ह्याच्या गावी नसतात. आट्यांचा प्रकार कोणताही चांगला मिस्त्री खोलू शकतो. फक्त त्याला आठवण करून द्या, की उजव्या बाजूच्या आट्या उलट्या असतात.

फ्रेम रंगाला जाण्यापूर्वी एकदा स्वतः पाहायला जा आणि खिशात दोरा घेऊन जा. मागचे चाक फ्रेममध्ये ज्या दोन खाचांत बसते, त्यांतल्या एका खाचेला दोरा बांधावा, तो ताणून हेडच्या नळीला वळसा घालावा आणि दुसऱ्या खाचेला बांधावा. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर पट्टीने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली तर मागचा भाग फ्रेमच्या मध्यरेषेवर आहे. एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर दुरुस्ती तेव्हाच सांगावी. रंग लागल्यावर कोणी हात लावत नाही. नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारून घ्या आणि पाणी निघून जायला तळाशी छिद्र आहे ना, ते पाहा.

काळी माती, औसा

ताई, वर सर्वांनी मापांचे सांगितले, मी जमिनीचे सांगतो. आपली शाळा गावात आहे, म्हणजे शेवटचा एखादा किलोमीटर तरी कच्चा असणार. काळ्या रानाचा चिखल लाल मातीच्या चिखलासारखा नसतो. तो टायरला चिकटतो, त्यावर दुसरा थर चिकटतो, आणि दहा-वीस फेऱ्यांत मडगार्ड व टायर यांच्यातली जागा भरून चाक थांबते. आमच्या शिवारात पहिल्या पावसानंतर मी एकदा अर्धा किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन आलो आहे. चाक फिरत नव्हते म्हणून ढकलताही येत नव्हती, आणि चिखलाने तिचे वजन दुप्पट झाल्यासारखे वाटत होते. बाभळीच्या काडीने चिमट्यातून माती उकरत बसलो तेव्हा कळले, की माझ्या टायर आणि मडगार्डमध्ये जेमतेम 6 मिलिमीटर जागा होती.

म्हणून बांधणाऱ्यांना सांगा, की 42 चा टायर बसवल्यावर मडगार्डपर्यंत चहूबाजूंनी किमान 15 मिलिमीटर जागा हवी, आणि मागच्या दोन दांड्यांमध्ये, मुख्य एक्सलच्या अगदी मागे जो पूल असतो, तेथे तर त्याहून जास्त, कारण माती पहिल्यांदा तेथेच साचते. एवढी जागा ठेवली तरी ओल्या काळ्या रानात सायकल घालू नयेच. पण शाळेच्या वाटेवर पर्याय नसतो, हेही मला समजते.

ब्रेक डिस्कचे घ्या. रिमवरचे ब्रेक चिखलात रिम खरवडतात. तारेने ओढायचे डिस्क ब्रेक घेतले तर तार कोणत्याही गावात मिळते. तेलाचे ब्रेक लहान हातांना हलके जातात. बोटे आखूड असतील तर मी तेलाचे सुचवीन.

टायरची शंका बाळगू नका. दुकानात 27.5 इंच म्हणून जो टायर मिळतो, तो आणि 650बी एकाच रिमचे, 584 मिलिमीटरचे. माउंटन बाइकमुळे तो टायर आणि ट्यूब आता लातूर-नांदेडच्या दुकानांत दिसतात. आपल्या पसंतीचा हलका टायर मागवावा लागेल, परंतु अडीअडचणीला चालवण्यासारखा नक्की मिळेल.

आपल्या रस्त्यांवर खरी परीक्षा सराट्यांची आहे. दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेचे सराटे वाळतात, आणि वेड्या बाभळीचे काटे तर बारा महिने असतात. मी ट्यूब काढून आत पंक्चररोधक द्रव भरायला लागल्यापासून, सराटा टायरमध्ये रुतलेला दिसला तरी तो तसाच ठेवून घरी येतो. उपटला तर हवा क्षणभर सुसकारते, द्रव भोकात जाऊन घट्ट होतो आणि थांबते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना हा द्रव लवकर सुकतो. त्या दोन महिन्यांत मी दर महिन्याला वॉल्व्हमधून बारीक काडी घालून तो किती उरला ते पाहतो.

गिअरविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पाठवलेल्या आराखड्यात सर्वांत हलका गिअर पुढे 34 आणि मागे 28 दातांचा आहे. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर तो ताशी साडेनऊ किलोमीटर वेग मागतो. बीआरएमचा मार्ग बालाघाटाच्या डोंगरावर चढला, तर दीडशे किलोमीटरनंतर तेवढा वेग पायांत उरत नाही, मग फेऱ्या मंदावतात आणि गुडघे दुखतात. पुढे 46 व 30 आणि मागे 11 ते 34 घ्या. 650बी चाकावर तेवढ्याच फेऱ्यांत वेग पावणेसात किलोमीटरपर्यंत खाली येतो. शिवाय आखूड क्रँकने पायावर जोर थोडा जास्त येतो, त्याचीही भरपाई होते. 46 आणि 11 चा जड गिअर आपल्याला उतारावरही कमी पडणार नाही.

बालाघाट, अंबाजोगाई

काळी माती सरांशी पूर्ण सहमत आहे. गिअरचे मी विसरलो होतो, आणि मी स्वतः रोज घाटात चालवतो, म्हणून ते विसरायला नको होते. परळीकडून अंबाजोगाईकडे येताना चढाची जी सलग ओढ लागते, तेथे 30 आणि 34 ची जोडी असलेली माणसे बसून येतात आणि बाकीचे उभे राहून येतात.

गोदाकाठ, परभणी

आज सहा आठवड्यांनी लिहीत आहे. आखूड स्टेमने मुंग्या येणे थांबले. ओळंब्याने मोजले तेव्हा सीटचे टोक मुख्य एक्सलच्या साडेचार सेंटिमीटर मागे पडले. ती मापे आणि बालाघाट दादांचे आकडे मी पुण्याला पाठवले. बांधणाऱ्यांनी फोन केला, तासभर बोलले, आणि 650बी वर नवा आराखडा करून दिला : हेड 71 अंश, बाक 52, सीटची नळी 73.5 अंश, क्रँक 160, नळ्या 28.6 आणि 25.4. ट्रेल 60 येतो, हे त्यांनी स्वतः मोजून सांगितले. मडगार्डची 15 मिलिमीटर जागा त्यांना जास्त वाटत होती. मी शाळेच्या वाटेवरचे, जुलै महिन्यातले छायाचित्र पाठवले, मग त्यांनी 18 केली.

गिअर 46 व 30 चेच ठरले. ब्रेक तेलाचे. रंगासाठी कच्च्या आवळ्याचा हिरवा सांगितला आहे.

वेल्डिंग पुढच्या पंधरवड्यात होईल. रंगाला जाण्यापूर्वी एक दिवस रजा टाकून पुण्याला जाणार आहे, आणि दोरा व पट्टी आत्ताच पिशवीत ठेवली आहे.